हळद लावली म्हणावं

आमच्या घरात कुणाला कापलं, ठेचलं, सोललं, की रडू फुटायच्या आधी हळद हजर व्हायची. ती लावायचा मान आत्याचा. आत्या म्हणजे आमच्या आबांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आली आणि बघता बघता आमची चूल, दाण्याची कोठी आणि आबांचं मत तिच्या ताब्यात गेलं. तिचा हळदीचा पितळी डबा इतका घट्ट बसायचा की झाकण निघताना टपकन आवाज व्हायचा. तो ऐकला की शेजारच्या ओट्यावरून म्हातारी विचारायची, कोन पडलं गं? बैलाचा खांदा सोलला, म्हशीच्या सडाला चीर पडली, आबांच्या टाचेला भेग गेली, माझा गुडघा फुटला, सगळ्यांना तोच डबा. चिमूट हा प्रकार आत्याला माहीत नव्हता. गोणीत कापूस दाबावा तशी ती जखमेत मुठीनं हळद भरायची आणि म्हणायची, “आता बघ, रगत कसं गुमान बसतंय.” आणि बसायचंही. हळदीवर चिंधी ठेवून ती असा अंगठा दाबायची की रक्तच काय, पैलवानही गुमान बसला असता.

मी आयुष्यभर पोरांना जीवशास्त्र शिकवलं. तरी रोज सकाळी माझ्या मोबाइलवर कुणीतरी भाचा नाहीतर जुना विद्यार्थी गुलाबाच्या फुलासकट हळदीचे गुण पाठवतो. कापलं तर हळद भरा, डॉक्टरची गरज नाही. मी प्रत्येकाला उलट लिहिते, की बाबा, वाहत्या पाण्यानं धू, स्वच्छ फडकं दाबून धर, आणि जखम खोल असेल तर हळद वरणात टाक अन् तू दवाखान्यात जा. त्यावर हात जोडलेलं चित्र येतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गुलाब. माझा राग हळदीवर नाही. तिनं माझं काही वाकडं केलेलं नाही. राग कशावर आहे ते सांगायला मला आमचं अख्खं घर मांडावं लागेल.

तर आबा. आमचे आबा जीभ वापरायचे ती तोंडातला घास फिरवण्यापुरती. “पाणी” एवढंच म्हणायचे. त्याचा अर्थ प्यायला दे, मोटार चालू झाली, आभाळ आलंय, किंवा म्हशीला पाजलं का, यांपैकी काहीही असू शकायचा. तोंडाकडे बघून माय अर्थ लावायची आणि सहसा चुकायची नाही. माय आत्यासमोर बोलायची नाही, आबा कुणासमोरच बोलायचे नाहीत, त्यामुळे घरात आवाज फक्त आत्याचा, जात्याचा आणि माझा. माझा आवाज तेव्हाही मोठाच होता. मी दहावीला पहिल्या वर्गात आले तेव्हा तो निकाल मी ओट्यावर उभी राहून अख्ख्या आळीला वाचून दाखवला होता, गणितापासून सुरुवात करून.

गंगाखेडला माझे मामा साखर कारखान्यात होते. त्यांनी निरोप धाडला होता, वंदीला इकडं पाठवा, आमच्याकडं राहील, सायन्सला घालू. कॉलेजात नाव घालायची मुदत संपत आली होती. माझी पिशवी भरून खुंटीला लटकलेली. सकाळच्या गाडीनं जिंतूर, तिथून परभणी, तिथून गंगाखेड, असं मी रोज रात्री मनातल्या मनात जाऊन यायचे. आत्याला हे शिक्षण पसंत नव्हतं, पण ती तसं म्हणायची नाही. ती म्हणायची, “जा की. पर लोनच्याचं तेवढं उरकून जा.”

निघायच्या आदल्या दिवशी लोणच्याचं उरकायला घेतलं. पडवीत कैऱ्यांचा ढीग, पाटावर ठोकलेला भला मोठा अडकित्ता, परातीत मीठ आणि हळद आधीच एकत्र करून ठेवलेली, चुलीवर मेथ्या भाजल्याचा कडवट वास. कैरी मी ठेवायची, दांडा आत्यानं दाबायचा. कच्चकन कोय फुटायची, माय फोडी पुसून टोपलीत टाकायची. दाबता दाबता आत्या बोलत होती. देवगाव फाट्याकडच्या तिच्या सासरचं काहीतरी. दिराच्या पोरानं ट्रॅक्टर घेतलाय, लाल रंगाचा हाय, पोरगं निर्व्यसनी हाय. बोलताना तिचं सगळं ध्यान त्या ट्रॅक्टरवर. मी कैरी नीट बसवतेय तोवर दांडा खाली आला आणि माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी तळहात उघडला.

दुखलं नाही. आधी फक्त नवल वाटलं, की आपण आतून असे दिसतो. मग रक्त आलं. आत्या उठून डब्याकडे धावलीच नाही, कारण हळद पुढ्यातच होती. तिनं परातीतली मूठ उचलली आणि भरली. मिठासकट. जखमेवर मीठ चोळणे, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, यावर मी नुकतेच बोर्डाकडून पूर्ण गुण घेतले होते. परीक्षकांनी माझी ती किंकाळी ऐकली असती तर जास्तीचे दिले असते. आत्याला चूक कळली तेव्हा तिनं वरून कोरडी हळद भरली, म्हणजे मिठाला तिथंच कोंडून टाकलं, आणि जुन्या धोतराची चिंधी करकचून बांधली. माझा हात मनगटापासून बोटांपर्यंत पिवळाधमक झाला. माय दबक्या आवाजात म्हणाली, जिंतूरच्या दवाखान्यात नेऊ, टाके पडतील. तिनं इतकं बोलणं म्हणजे आमच्याकडे भाषणच. आत्यानं तिच्याकडं नुसतं पाहिलं. “पोरीच्या जातीला टाके? हळद हाय की. आन् उद्या गंगाखेड-बिंगाखेड काई न्हाई. हात बरा झाला की मंग बघू.”

मुदत होती तिचं काय, असं मी विचारलं. हात बरा होईपर्यंत ती थांबत नाही, असंही म्हणाले. आत्या कैऱ्यांकडे वळली होती.

आबा त्या दुपारी बियाण्यासाठी जिंतूरला जाणार होते. त्यांच्यावर काम आलं, मामांना फोन करून कळवायचं. मामांच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या किराणा दुकानात होता. मी त्या एसटीडीच्या काचेच्या खोक्यात नव्हते आणि त्या दुकानातही नव्हते, पण दोन्ही बाजूंनी ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की तो संवाद मला दोन्ही आवाजांत करता येतो. आबांनी फोन कानाला लावला, स्वतःचं नाव सांगितलं, आणि आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य बोलले. “वंदी उद्या येत न्हाई, हळद लावली म्हणावं.” आणि ठेवला.

आता आमच्या भागात पोरीला हळद लावली याचा अर्थ काय होतो? तिचं लग्न आहे. दुसरा अर्थ कुणाच्या ध्यानीमनी येत नाही. शिवाय हळद लागलेली नवरी वेशीबाहेर पाऊल टाकत नाही, म्हणजे ‘येत न्हाई’ हेही चपखल बसलं. लगीनसराई संपत आलेली, उरलेसुरले मुहूर्त लोक घाईनं उरकत होते. दुकानदारानं निरोप शब्द न बदलता पोचवला आणि वर मामांना पेढे मागितले.

दुसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर असताना आमच्या दारात भाड्याची जीप थांबली. मी आतल्या खोलीत हात उशीवर ठेवून पडले होते. हात ठणकत होता, बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती. बाहेर मामांचा आवाज फुटला आणि घरातली भांडी थरारली. मामा देहानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे.

“दाजी, बाहीर या. पोरीचा मामा मेला का जिता हाय, तेवढं बघायला आलोय.”

आबा गोठ्यातून आले असणार, कारण बादली ठेवल्याचा आवाज झाला. मग मामांनी अंगणातच सुरू केलं. रीत हाय का न्हाई. इज्जत हाय का न्हाई. किराणावाल्याकडून कळावं मला, साऱ्या गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई. मी आत उठून बसले. माझा ठणका थांबला, खरं सांगते. माझ्यासाठी कुणीतरी गाडी करून आलंय, माझ्यासाठी कुणीतरी आबांवर ओरडतंय. मी सोळा वर्षांची होते आणि माझ्यासाठी अजून कुणी ओरडलं नव्हतं, माझ्यावरच ओरडत आले होते. मला मामांचा तो राग इतका गोड लागला की तो संपू नये असं वाटलं.

“हळद लावली का न्हाई?” मामा.

“लावली,” आबा म्हणाले.

“कुनाला इचारून?”

“आक्कानं लावली.”

“कवा?”

“काल. लोनचं करताना.”

मामा क्षणभर अडखळले. लोणच्याच्या मुहूर्तावर लग्न त्यांनी ऐकलेलं नव्हतं. “बरं. आन् नवरा कोन?”

आबांनी विचार केला. “कुनाचा?”

इथं मी नेहमी थांबते, कारण ऐकणारे इथं लोळतात. मग माय आत आली, तिनं मला दंडाला धरून बाहेर नेलं आणि माझा हात पुढं केला. मामांनी आधी तो पिवळा हात पाहिला आणि त्यांचा चेहरा आणखी काळवंडला. मग चिंधी दिसली, तिच्यातून ओघळलेला तांबडा डाग दिसला, आणि मामा मटकन ओट्यावर बसले. “कापलं व्हय,” म्हणाले. “कापलं,” आबा म्हणाले. मग जे हसू फुटलं ते जीपचा ड्रायव्हर, शेजारची म्हातारी, सगळ्यांना घेऊन. माय पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसले. मामांबरोबर जीपमधून आलेल्या मामींनी डोळे पुसत बगलेतलं कागदी पुडकं ओट्यावर ठेवलं. त्यातून पिवळ्या साडीचा काठ बाहेर आला होता.

भाकरी झाली, पिठलं झालं, ताज्या कैरीची करकरीत फोड तोंडी लावायला. आत्या स्वतः वाढत होती, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. मामांचं पोट भरलं तेव्हा ती उंबऱ्याशी टेकली. म्हणाली, आता आलाच हाव पाव्हणं, तर एक गोष्ट कानावर घालते. आणि तिनं देवगाव फाट्याचा पुतण्या ताटात वाढला. जमीन, विहीर, लाल ट्रॅक्टर. दोघांनी दहावी केली म्हणजे जोडा शोभतो. परवा बघायला येनारेत, पसंती धरूनच येनारेत. आषाढ लागायच्या आत उरकून टाकू.

म्हणजे हळद खरंच लागणार होती. ती तयार होती. फोनवर आबांनी खोटं सांगितलं नव्हतं, चार दिवस आधी सांगितलं होतं इतकंच.

मी मामांकडे पाहिलं. मघाचा आवाज आता फुटेल, पुन्हा भांडी थरारतील, अशी मी वाट बघत होते. मामांनी तांब्यातून चूळ भरली. विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहतं ते विचारलं. भाऊ किती ते विचारलं. आत्या सांगत गेली, मामा मान हलवत गेले. मग म्हणाले, “स्थळ वाईट न्हाई. मला अदुगर इचारलं असतं तर मी काय न्हाई म्हणनार होतो का? मानाचं असतंय सगळं.”

“कॉलेज?” मी म्हणाले.

“सासरी जाऊनबी करता येतंय की,” मामा म्हणाले. “आन् बघ ना, साडी तर आनलीच हाय.” आणि ते हसले, मघासारखंच, मनापासून.

मला आजवर पुष्कळदा राग आला आहे. नवऱ्याचा, सरकारचा, शाळेच्या संचालक मंडळाचा. पण त्या दुपारी आला तसा पुन्हा आला नाही. तो डोक्यात चढला नाही, थंडीसारखा पायातून वर आला. मघाशी अंगणात जे गरजलं होतं त्यात मी कुठं नव्हतेच. मामांना न विचारता माझं लग्न लावलं, यातलं ‘मामांना न विचारता’ एवढंच त्यांना झोंबलं होतं. विचारून लावलं असतं तर पेढे दिले असते.

“मामा,” मी विचारलं, “तुमी आलाव कशासाठी?”

“तुह्यासाठीच की, येडे.”

“लगीन मोडायला?”

“मंग.”

“मंग साडी का आनली?”

मामा मामींकडं बघायला लागले. मामी बिचाऱ्या खऱ्या. म्हणाल्या, मीच म्हणलं घ्या म्हणून. भांडण आपल्या जागी, पर मामाची साडी तर द्यावीच लागती. त्यांचा मला राग नाही. त्यांनी निदान जे होतं ते सांगितलं.

आत्याला मात्र माझं तोंड सहन झालं नाही. ती म्हणाली, लय बोलायली ही पोरगी. हिच्या बापानं मान हलवलीय, मी सबद दिलाय. मी आबांकडं पाहिलं. आबा खाली बघून म्हणाले, “मान हलवली. बोललो न्हाई.” आत्या आणखी चिडली, आणि चिडीच्या भरात तिच्या तोंडून ते निघून गेलं. “परवा लोक बघायला येनार, म्हणून तर टाके घालू दिले न्हाईत मी. शिवलेला हात कोन पसंत करतंय?”

माय भाकऱ्यांचं टोपलं झाकत होती. ती थांबली. ती वळून आत्याकडं बघत म्हणाली, “म्हणून दवाखाना नको म्हणालाव आक्का?”

आत्या उत्तर द्यायला तोंड उघडणार तोवर माय माझ्यापाशी आली होती. तिनं गाठ सोडली. चिंधी चिकटली होती, तिनं पाणी ओतून ती सोडवली, आणि हळद, मीठ, रक्त यांचा जो घट्ट गोळा झाला होता तो सगळ्यांच्या जेवणाच्या ताटांसमोर उघडा केला. हात कोपराकडं लाल व्हायला लागला होता. वास येत होता. मामींनी तोंड फिरवलं. “बघ दादा,” माय मामांना म्हणाली. “हा हात लपवून आक्कांना हिला उजवायचं होतं. गाडी हाय ना दारात? दवाखान्यात ने. आन् मंग घरी आनू नको, तिकडंच ने. नाव घाल तिचं.” मग तिनं ओट्यावरचं पुडकं उचलून मामींच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, वहिनी, आमच्यात हळद लागली न्हाई, कापलंय फकस्त.

आत्या खूप बोलली. जीप चालू झाली तरी तिचा आवाज इंजिनावरून येत होता. खुंटीवरची पिशवी कुणी आणून दिली सांगू? आबांनी. काही न बोलता.

जिंतूरच्या डॉक्टरांनी जखम धुतली तेव्हा पन्हाळीतून पिवळं पाणी कितीतरी वेळ गेलं. टाके घालायची वेळ टळून गेली म्हणाले, आता अशीच भरेल, रुंद वण राहील. मग ते रागावले. कसलं भरलंय हे, अक्कल आहे का. रागावले ते माझ्यावर, कारण खुर्चीत मी होते. दारात उभ्या असलेल्या मामांनी तेवढ्यात छताचा पंखा निरखून घेतला. आत्या पुढं बरीच वर्षं जगली, माझ्या हातचं जेवली, माझ्या पगाराचं लुगडं नेसली. तिला मी माफ केलं का, असं लोक विचारतात. नाही केलं. लुगडं दिलं, तेवढं पुरे आहे.

जिंतूरला जखम धुतली त्याच्या दुसऱ्या दिवशी गंगाखेडच्या कॉलेजात खिडकीपाशी मी फॉर्म भरत होते. डाव्या हाताला पांढरं बँडेज, त्यातून बाहेर आलेली बोटं मात्र अजून पिवळी, कारण हळद कातडीत मुरली होती. खिडकीतल्या बाईंनी बोटांकडं पाहिलं, मग मला न्याहाळलं. मधलं नाव नवऱ्याचं लावायचं का वडलांचं, असं त्यांनी विचारलं.

“लगीन न्हाई झालं,” मी म्हणाले. “कापलंय.”

मामा मागं उभे होते. त्यांना हसू आवरेना. ते खिडकीवर ओणवे झाले आणि सांगायला लागले, तो फोन, तो किराणावाला, हळद लावली म्हणावं. रांगेतली पोरं वळली, शिपाई जवळ आला. मामा रंगात आले. आबांचा आवाज काढून दाखवला. नवरा कोन, कुनाचा. सगळे हसले. मग मामांनी सांगितलं, की असा गेलो, असा दम दिला, सगळं उधळून लावलं आणि भाची उचलून आणली, बघा ही समोर हाय. बाई कौतुकानं म्हणाल्या, असा मामा मिळायला नशीब लागतं.

मी पेन खाली ठेवलं. “मामा,” म्हणाले, “साडीचं सांगा की.”

“कसली साडी?” बाईंनी विचारलं.

“तू फारम भर,” मामा म्हणाले. “खिडकी बंद होईल.”

खिडकी बंद व्हायला वेळ होता. मी रांगेकडं तोंड केलं, आणि मीच सांगितलं.